सासरेबुवांचं विसावं मिनिट

"मूळ प्रत घराबाहेर जाणार नाही," असं चारबोटे एका शनिवारी दुपारी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले. बस्स, एवढंच. पुढे जे रामायण घडलं त्याची सुरुवात या एका वाक्यातून झाली.

चारबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. ते रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क. फाइल टेबलावर आली की उघडून बघण्याआधी ते तिच्या जाडीला आडवी चार बोटं लावायचे. चार बोटांत मावली तर ठीक. कागदभर जरी वर गेली तरी परत. "भाग दोन उघडा, नवं कव्हर लावा, पानांना पुन्हा एकपासून नंबर घाला, मग या." सव्वीस वर्षं हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. (त्यांची बोटं जरा बारीक होती, हे लोकांचं दुर्दैव.)

तर मूळ प्रत म्हणजे एक व्हिडिओ कॅसेट. चारबोट्यांचे सासरे एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसून कोण किती वाजता आला ते लिहायचं, हे त्यांचं काम. सतरा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा कारखान्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून त्या लेकीच्या घरी होत्या. सेवेला लेक आणि जावई. मेहुण्याची परगावी परीक्षा. थोडक्यात, घरातलं एकही माणूस समारंभाला नव्हतं. आणि नंतर कारखान्यातला जो भेटेल तो सासूबाईंना म्हणायचा, "वहिनी, काय बोलले हो साहेब तुमच्याबद्दल त्या दिवशी!"

आता हे सासरे म्हणजे दिवसाला मोजून अकरा वाक्यं बोलणारे. त्यातली चार 'हं' अशी. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "काय बोललात?" ते म्हणाले, "बोललो काहीतरी." पुन्हा दोन-तीनदा विचारलं, तर "हं." सहा वर्षांपूर्वी ते गेले. काय बोलले ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि परवा त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीनं कपाट आवरताना सापडलेली कॅसेट आणून दिली. वर बॉलपेननं लिहिलेलं, 'टाइमकीपर साहेब, निरोप'. सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलेला. "वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून बघू," असं ठरलं. चारबोट्यांची बायको म्हणाली, "अहो, चौकातल्या दुरुस्तीवालीकडे देऊ या. ती कॉम्प्युटरवर घालून देते."

तेव्हा चारबोटे ते वाक्य म्हणाले.

"मग करणार कोण?" बायकोनं विचारलं.

"मी."

वीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांना मिक्सर, इस्त्री आणि एकदा कुकरची शिटी दुरुस्त करताना पाहिलं होतं. पण ती काही बोलली नाही. माहेरचं वळण.

मेहुण्याच्या माळ्यावरून जुना व्हीसीआर आला. तो तेवढा दुरुस्तीवालीकडून चालू करून घ्यावा लागला. ही बाई चौकात गेली बारा वर्षं दुकान चालवते. टीव्हीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करते, कानावर स्क्रूड्रायव्हर असतो आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देत नाही. तिनं कॅसेटची खिडकी उघडून फीत उजेडात धरली.

"काका, मसाला उडायला लागलाय हिचा. पाच-सहा वेळा चालेल, जास्त नाही. माझ्याकडे ठेवून जा, उद्या देते करून."

"मूळ प्रत बाहेर ठेवत नाही आम्ही," चारबोटे म्हणाले.

"हो, ते माहितीये मला," दुरुस्तीवाली म्हणाली. का कोण जाणे, पण फार थंडपणे म्हणाली.

जाता जाता तिच्याकडून व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायची एक डबी घेतली आणि हजार जीबीची नवी डिस्क. व्हिडिओ फार जागा खातो, एवढं चारबोट्यांना माहीत होतं. घरी डिस्क जोडल्यावर कॉम्प्युटरनं विचारलं की ही कोणत्या पद्धतीनं आखून हवी? एक जुनी पद्धत होती, सगळ्या मशीनवर चालणारी. एक नवी. चारबोट्यांनी क्षणाचाही विचार न करता जुनीवर बोट ठेवलं. सगळीकडे चालतं तेच घ्यावं, असं त्यांचं मत. लग्नाच्या वेळी बूटही त्यांनी त्याच हिशोबानं घेतले होते आणि अजून वापरत होते.

रविवारी सकाळी पहिला प्रयत्न झाला. पडद्यावर कारखान्याचा हॉल दिसू लागला. टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, मागे खुर्च्या. मॅनेजर बोलले. मग युनियनचे सेक्रेटरी बोलले. ते थांबेनात. मग कँटीनवाला बोलला, तो दोनच मिनिटं पण रडला. सगळ्यांचं एकच पालुपद, चौतीस वर्षांत टाइमकीपर साहेबांना एक मिनिट उशीर झाला नाही. मग सासरे उठले. माइकपाशी आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घसा खाकरला.

आणि रेकॉर्डिंग थांबलं. पडद्यावर इंग्रजीत कसलीशी पाटी आली, चारबोट्यांनी ओके दाबलं आणि घाईघाईनं व्हीसीआर बंद केला, कारण फीत वाचवायची होती. झालेली फाइल पाहिली तर एकोणीस मिनिटं. शेवटचं दृश्य, खाकरणारे सासरे.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "काय जावईबापू, बोलले का?"

"नाही आई. पण उठलेत. घसा खाकरलाय."

"मग बोलतील हो," सासूबाई समजुतीनं म्हणाल्या. "त्यांना वेळ लागतो."

तेवढ्यात फोनमध्ये दाराची घंटा वाजली. सासूबाईंशी बोलताना ही घंटा नेहमी वाजायची. चारबोटे नेहमीप्रमाणे म्हणाले, "दारात कोण आलंय बघा आई." आणि सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "कुणी नाही हो. असंच."

दुसरा प्रयत्न कॉम्प्युटर बंद करून, दहा मिनिटं थंड करून, मग चालू करून. मॅनेजर, सेक्रेटरी, कँटीनवाला, चष्मा, खाकरणं, पाटी. एकोणीस मिनिटं.

तिसऱ्या प्रयत्नाला चारबोट्यांनी विजेवर संशय घेतला. त्यांनी घरातला फ्रीज, पंखे, गीझर, सगळं बंद करवलं. बायकोच्या डोक्याला साबण होता. बाथरूममधून जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि त्यातला एकही सासऱ्यांच्या अकरा वाक्यांत बसणारा नव्हता. सासरे उठले, चष्मा पुसला, खाकरले. एकोणीस मिनिटं.

"अहो," केस पुसत बायको म्हणाली, "मी काय म्हणते, कॅसेट पुढे सरकवा आणि बाबा उठतात तिथूनच घ्या ना. मॅनेजरला कुणाला ऐकायचंय?"

"अर्धवट प्रत म्हणजे प्रत नव्हे," चारबोटे म्हणाले. "पान एकपासून हवं."

"मग नुसतं टीव्हीला जोडून एकदा ऐकून तरी घेऊ. मला ऐकायचंय हो. माझे बाबा आहेत ते."

इथे चारबोटे जरा विरघळले होते. पण त्यांनी बोटं मोजली. सहातले तीन गेले, तीन उरले. नुसतं बघण्यात एक घालवला आणि पुढे फीत तुटली तर सासूबाईंना काय दाखवायचं? "आईंच्या आधी कुणी ऐकायचं नाही," ते म्हणाले. हट्टी माणसाच्या तोंडून कधी कधी बरोबर वाक्य निघतं, त्याचा फार त्रास होतो.

चौथ्या प्रयत्नाला त्यांनी टेबल भिंतीपासून हलवलं, पायांखाली पुठ्ठे ठेवले आणि एकोणीस मिनिटं घरात कुणी चालायचं नाही असा हुकूम काढला. मेहुणा त्याच वेळी आला होता, तो उंबरठ्यावर एका पायावर उभा राहिला. मॅनेजरच्या तोंडावर आता पांढऱ्या रेषा येऊ लागल्या होत्या. कँटीनवाला रडतोय की फीत, ते कळत नव्हतं. सासरे खाकरले. पाटी आली.

"दाजी," मेहुणा पाय खाली ठेवत म्हणाला, "मला वाटतं बाबांना तुमच्यासमोर बोलायचंच नाहीये."

हे बोलणं चेष्टेतलं होतं, पण चारबोट्यांना ते लागलं. सासरे त्यांच्याशी हयातभर सभ्यपणे वागले होते, पण बोलले असे कधीच नव्हते. संध्याकाळी फोन आला, "बोलले का?"

"नाही आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "जावईबापू, एक सांगू? मी सतरा वर्षं थांबले. पण आता या कॅसेटीचं कळल्यापासून रात्र सरत नाही हो." आणि मागे घंटा वाजली. या वेळी चारबोट्यांनी कोण आलंय तेही विचारलं नाही.

पाचव्या वेळी बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. सासरे खाकरले, पाटी आली, चारबोट्यांचं बोट ओकेवर गेलं आणि बायकोनं त्यांचा हात धरला.

"काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"नेहमीचंच आहे."

"पाच वेळा आलं आणि एकदाही वाचलं नाहीत? तुम्ही? लोकांच्या फाइलीतलं विरामचिन्हसुद्धा वाचता ना!" तिनं स्वतः वाचलं. "म्हणतोय, फाइल कमाल मर्यादेपेक्षा मोठी झाली."

चारबोटे हसले. "खोटं बोलतोय. हजार जीबीची डिस्क आहे. फाइल आहे चार जीबीची. कपाट मोकळं आणि म्हणे जागा नाही!"

"जागा नाही असं म्हणत नाहीये तो. फाइल मोठी झाली म्हणतोय. उठा आणि तिच्याकडे जा."

नाक मुठीत धरून जाणं म्हणजे काय ते चारबोट्यांना त्या दिवशी कळलं. डिस्क पिशवीत घालून ते दुरुस्तीवालीसमोर उभे राहिले. तिनं डिस्क जोडली, एकदा पाहिलं, आणि कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मग आतून स्टूल आणलं.

"बसा काका. बसून ऐकण्यासारखं आहे." तिच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "ही डिस्क तुम्ही जुन्या पद्धतीनं आखलीत. या पद्धतीत कपाट कितीही मोठं असू दे, एक फाइल चार जीबीच्या वर घ्यायची नाही असा नियम आहे. चार भरले की संपलं."

"पण कपाट रिकामं आहे ना!"

"मी पण हेच म्हणाले होते."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी. दुकानाच्या परवान्याची फाइल घेऊन आले होते तुमच्या खिडकीवर. तुम्ही चार बोटं लावलीत आणि परत पाठवलंत. मी म्हटलं, साहेब, मागे अख्खी रॅक मोकळी आहे. तुम्ही म्हणालात, रॅकचा प्रश्न नाही, फाइलचा आहे. भाग दोन उघडा." तिनं स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानावर ठेवला. "तीन खेपा घातल्या मी."

सव्वीस वर्षांत चारबोट्यांना त्यांच्याच नियमानं कुणी परत पाठवलं नव्हतं. "मग यानं आपणहून भाग दोन का नाही उघडला?" एवढंच ते पुटपुटले.

"तुम्ही उघडता का लोकांसाठी?"

मनानं मात्र बाई चांगली. डिस्क पुसून नव्या पद्धतीनं आखून द्यायला तयार झाली. त्यात 'प्रयत्न एक' ते 'प्रयत्न पाच' अशा पाच फाइली निघाल्या. "या काढून टाकू?" तिनं विचारलं. रेकॉर्ड नष्ट करायला वरिष्ठांची मंजुरी लागते, असं चारबोटे सवयीनं म्हणणार होते. मग त्यांना वरिष्ठ आठवल्या, ओल्या केसांच्या. "काढा," ते म्हणाले.

सहावा प्रयत्न शेवटचा होता. चारबोटे पडद्याकडे पाठ करून बसले आणि कानांवर उशी धरली, कारण सासूबाईंच्या आधी ऐकायचं नाही हा शब्द दिलेला. बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. एकोणीस मिनिटं गेली. वीस झाली. एकवीस. पाटी आली नाही. तिसाव्या मिनिटाला व्हीसीआरमधून कचकच असा आवाज आला, आणि चारबोट्यांनी वळून पाहिलं तर फीत यंत्राच्या तोंडाशी भजं होऊन बाहेर आली होती. मूळ प्रत संपली. पण डिस्कवर साडेसहा जीबीची एकसंध फाइल होती, पान एकपासून.

चारबोट्यांना गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना चार जीबीचा नियम समजावून सांगितला, शिपायापासून साहेबापर्यंत, जणू त्यांनीच शोधून काढला होता.

वाढदिवसाच्या सकाळी घरात अकरा माणसं जमली. सासूबाई नवी साडी नेसून टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीवर. मेहुण्यानं बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह आणला होता, टीव्हीला लावायला. चारबोट्यांनी आतल्या खोलीत तो कॉम्प्युटरला जोडला, फाइल त्यावर ओढली आणि बाहेर येऊन म्हणाले, "दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी ते आत गेले. पडद्यावर पाटी होती. या वेळी त्यांनी ती वाचली. फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे.

तो पेन ड्राइव्हही जुन्या पद्धतीचा होता. सगळीकडे चालणारा.

दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! बाहेरून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, बाबा परत खाकरले का?" चारबोट्यांनी दुरुस्तीवालीला फोन लावला, तर दुकान बंद. तेवढ्यात काठी टेकत सासूबाईच आत आल्या. त्यांनी कॉम्प्युटर बघितला, जावयाचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "इथे दिसतं का?"

"दिसतं. पण छोटा पडदा आहे आई. मोठ्यावर..."

"मला त्यांचा चेहरा पाठ आहे. ऐकायचं तेवढं ऐकवा."

मग त्या आठ बाय दहाच्या खोलीत अकरा माणसं घुसली. सासूबाई चारबोट्यांच्या खुर्चीवर, बाकीचे पलंगावर, टेबलाखाली, दारात. मॅनेजर बोलले, सेक्रेटरी बोलले, कँटीनवाला रडला. सासरे उठले. चष्मा पुसला. खाकरले. खोलीतली अकराही माणसं पाटीची वाट बघत श्वास रोखून होती.

"सगळे म्हणाले, मी चौतीस वर्षं वेळेवर आलो," सासरे बोलले. चारबोट्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. "ते खरं नाही. मला सकाळी जाग येत नाही. आमच्या घरातलं घड्याळ हिनं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात दहा मिनिटं पुढे केलं. मला कळलं होतं. मला कळलंय हे तिला माहीत नाही. मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिनं ते मागे केलं असतं. तेव्हा हे जे घड्याळ तुम्ही मला देताय, ते तिचं आहे."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "लबाड!" त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "माहीत होतं तर! आणि मी रोज भीत होते, यांच्या लक्षात येईल म्हणून!"

चारबोट्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पाच प्रयत्न, बाथरूममधले शब्द, स्टूल, सगळं वसूल झालं असं त्यांना वाटलं. ते पुढे होऊन बंद करणार, तेवढ्यात सासरे पुन्हा खाकरले.

"अजून एक. आमचे जावई. माणूस सोन्यासारखा आहे. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या दाराची घंटा दुरुस्त केली. तेव्हापासून स्वयंपाकघरातला दिवा लावला की घंटा वाजते. मी काही बोललो नाही. पण उद्यापासून मी घरीच आहे. आता त्यांना कुठल्याही यंत्राला हात लावू देणार नाही."

कारखान्याच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खोलीतही पडल्या. मेहुणा तर पलंगावरून खाली पडला.

सगळ्यांना आठवण म्हणून प्रत हवी होती. पूर्ण फाइल कुणाच्याच ड्राइव्हवर जाईना. मग चारबोट्यांच्या बायकोनं त्यातलं शेवटचं जावयाबद्दलचं तेवढं कापून वेगळं काढलं. बावीस सेकंद. ते मात्र सगळ्या फोनमध्ये गेलं, नव्या, जुन्या, कुठल्याही. सोमवारी ते ऑफिसात पोचलं आणि मंगळवारी दुरुस्तीवालीनं दुकानात मोठ्यानं लावलं. इतकी लहान फाइल, तिला कुठला नियम आडवा येणार?

बुधवारी संध्याकाळी चारबोट्यांनी आपण होऊन सासूबाईंना फोन केला. बोलता बोलता मागे घंटा वाजली.

"दिवा लावलात ना आई?" चारबोटे ओशाळून म्हणाले. "अठरा वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं हो."

"मी रविवारी येतो आणि नीट करून देतो."

"नको, नको!" सासूबाई घाईनं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "घंटा वाजली की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. राहू दे."

"बरं आई," ते म्हणाले.

"आणि दुसरं असं," सासूबाई म्हणाल्या, "आता तुम्ही घंटा दुरुस्त केलीत, तर दिवा कशानं लागेल ते कुणी सांगावं?"